अस्कालेचा दुसरा डोळा

तर काल पोलिसाचं अर्ध्यावरच राहिलं होतं. तो चौकातल्या पिंपावरून खाली उतरला. हातांत पांढरे हातमोजे तसेच, मागं निळ्या-पांढऱ्या टॅक्स्या एकमेकींच्या अंगावर भोंगे वाजवताहेत, तिकडं त्याचं लक्षच नाही. सरळ रस्ता ओलांडून आला तो चर्चच्या फाटकाशी. तिथं झेलेके चित्रकार आपल्या बुटक्या तिवईवर बसून समोरचा चौक कागदावर उतरवत होता. पोलिसानं कागद हिसकला, उलटा धरला, सुलटा धरला, आणि ओरडला, “माझा दुसरा डोळा कुठंय?”

“पलीकडच्या बाजूला आहे, साहेब. बसकडं बघतोय,” झेलेके म्हणाला.

“मी काय यहूदा आहे?”

आता अदिस अबाबात ह्या बोलण्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. इथं चर्चच्या भिंतीवर पुण्यवान माणूस समोरून रंगवतात, दोन्ही डोळे टक्क उघडे. सैतान, त्याचे चाकर आणि येशूला पकडून देणारा यहूदा, हे मात्र बाजूनं, एका डोळ्याचे. आईच्या पाठीला बांधलेलं पोरही भिंतीकडं बघून ओळखतं, भला कोण आणि बुरा कोण. त्यामुळं भर चौकात सरकारी टोपीखाली एकच डोळा दिसल्यावर पोलिसाचं पित्त खवळणारच.

झेलेकेच्या डाव्या हाताला त्याची बायको अस्काले बसलेली होती. पुढ्यात सूप, सुपात कोलो, म्हणजे खमंग भाजलेले जव आणि शेंगदाणे. तिनं पोलिसाच्या मोज्यावर मूठभर कोलो ठेवलं.

“भाऊ, आधी हे चावा. राग दातांत जिरतो. परवा ह्यांनी बिशपबाबांची मोटार काढली, तिला एकच दिवा दिसतो. बिशपबाबा आले का भांडायला?”

पोलीस हसला. पण छाती काढून समोर उभा राहिला तो राहिलाच. दोन्ही डोळे, दोन्ही कान, बिल्ला, सगळं कागदावर उतरेपर्यंत हलला नाही. तोवर टॅक्स्यांची रांग टेकडीच्या माथ्यापर्यंत गेली होती. आणि पुढं काय झालं म्हणता? झेलेकेनं वही उघडली रे उघडली की तो पिंपावरून तोंड इकडं फिरवायचा. हात एकीकडं, तोंड दुसरीकडं. बिचाऱ्या ड्रायव्हरांना कळेना, थांबायचं की जायचं.

असे किती किस्से सांगू? हमाल, लिंबूवाल्या, लग्नाची वरात, कुणाला म्हणून बाजूनं काढायची सोय नव्हती. लांबून झेलेके दिसला की माणसं चालता चालता मान वळवायची आणि खांबाला थडकायची. एक कोळसेवाला तर खेकड्यासारखा आडवा चालत चौक ओलांडायचा.

झेलेके स्वतः चर्चच्या चित्रकाराचा मुलगा. गोज्जामच्या खेड्यात बापाजवळ रंग खलायला शिकला, बापाच्या हातावर हात ठेवून मरियमचे डोळे गिरवायला शिकला. त्या कामात बघायचं काहीच नसतं. डोळा असा, नाक असं, बोटं अशी. बापाच्या बापाला जशी आली तशीच. पुढं चर्चमध्ये परदेशी छापील तसबिरी यायला लागल्या, हातची कामं आटली, आणि झेलेके शहरात आला. आल्यावर पहिल्याच दिवशी फाटकाशी बसून त्यानं एक गाढव काढलं, समोर उभं असलेलं, खरं. त्या दिवशी त्याला असा काही आनंद झाला की त्यानं मनाशी ठरवून टाकलं: आता बघितल्याशिवाय एक रेघसुद्धा मारायची नाही.

हे व्रत त्यानं असं पाळलं की लोक हसून हसून बेजार. हमाल पाय पुरा व्हायच्या आत उठून गेला, तर चित्रातला हमाल लंगडाच राहणार. एकदा एका गिऱ्हाइकानं विचारलं, “गाशे, ह्या गाढवाला डोकं का नाही?” गाशे म्हणजे वडीलधाऱ्याला मानानं म्हणतात ते.

झेलेके म्हणाला, “त्याला काम होतं. गेलं.”

“मग अंदाजानं काढायचं की! गाढवाचं डोकं कसं असतं हे तुम्हाला माहीत नाही?”

अस्काले सूप पाखडता पाखडता म्हणाली, “माहीत आहे हो त्यांना. पण ते त्याच गाढवाचं डोकं हवं ना! दुसऱ्याचं लावलं तर गाढवाच्या घरचे ओळखतील का?”

तिचं तोंड असं चालायचं. हात त्याहून चालायचे. उन्हात छत्री धरायची तीच, पोरांना हाकलायची तीच, रंगाची वाटी कलंडू नये म्हणून पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायची तीच. मूलबाळ नव्हतं. नवरा एका हाताला आणि सूप दुसऱ्या हाताला, असा तिचा संसार त्या फाटकाशी मांडलेला. दोघं शेजारी शेजारी बसून रस्त्याकडं बघायची. जन्मभर. एकमेकांकडं बघायला दोघांना फुरसत कुठं होती?

तिला त्यानं एकदाच रंगवलं. दुपारी अचानक गारा कोसळल्या. गाढवं पळाली, माणसं पळाली, रस्ता पांढराफेक पडला. दोघं वह्यापेन्सिलींच्या दुकानाच्या पत्र्याखाली जाऊन बसली. हातात घोटून तयार केलेली फळी, वाटीत कालवलेला रंग, आणि बघायला समोर कुणी नाही. म्हणून झेलेकेनं मान डावीकडं वळवली. अस्काले तळहातावर कोलो घेऊन फुंकर मारून टरफलं उडवत होती. गाल फुगलेला, कानात चांदीची बारीक बाळी, भुवई जराशी वर चढलेली, जशी काही टरफलांशीच तिची पैज लागलीय. त्यानं भराभर रंगवली. गारा थांबायच्या आत झालीसुद्धा.

तिनं बघितलं आणि कपाळावर हात मारला. “घ्या! पोलीस बरा होता. मला यहूदा केलंत?”

“तू समोर बघत होतीस.”

“मग दुसरा डोळा कधी?”

“माझ्याकडं तोंड करशील तेव्हा.”

“मी तुमच्याकडं तोंड करते तेव्हा तुम्ही गाढवाकडं बघत असता,” अस्काले म्हणाली, आणि टरफलं त्याच्या अंगावर उडवली.

ती फळी तिनं घरात दाराच्या मागं लावली. दार उघडं असलं की पाहुण्यांना दिसायची नाही. दार लावलं की मग घरात आणखी एक अस्काले, गाल फुगवलेली. “माझी एकडोळी सवत,” असं ती तिला म्हणायची. फोटो मात्र तिचा नव्हता. घरात चित्रकार असताना फोटोवाल्याकडं कशाला जायचं, हा तिचा हिशेब. वस्तीच्या कार्यालयातून मिळालेल्या कार्डावर एक होता, पण ते कार्ड पदराच्या गाठीत राहून राहून घामानं आणि पाण्यानं असं झालं होतं की तोंडाच्या जागी करडा डाग.

अशी वर्षं गेली. मग एका वर्षी पावसाळा लांबला. अस्कालेला खोकला धरला तो सुटेना. मेस्केलच्या सणाच्या आदल्या दिवशी आभाळ उघडलं, टेकड्यांवर पिवळी फुलं आली. झेलेके घरी थांबतो म्हणत होता.

“थांबून काय करणार? माझा खोकला काढणार कागदावर?” ती म्हणाली. “जा. आज पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाहेर पडतील. उद्या मला दाखवा.”

तो गेला. खरंच रस्ता नुसता फुलला होता. सणाच्या होळीसाठी लाकडं वाहणारी पोरं, फुलांच्या पेंढ्या डोक्यावर घेतलेल्या बायका. त्यानं दिवसभर वही मिटली नाही, असा रंगला होता. उन्हं कलताना कागदांची गुंडाळी काखेत मारून तो गल्लीच्या वळणावर आला, आणि दाराशी बायका उभ्या दिसल्या. सगळ्या त्याच्याकडं तोंड करून.

गल्लीत इदिर होतं. कुणाच्या घरी मरण आलं की तंबू, भांडी, स्वयंपाक, रडणं, सगळं इदिरची मंडळी बघतात. बायकांची पुढारी इतिये, म्हणजे थोरली ताई, वोर्कनेश, कोळशाची वखार चालवणारी, आवाज असा की खांद्यावरचं मूल दचकून उठावं. मयताच्या घरी शोकाला तोंड फोडायची तीच. तिथली रीत अशी: जो गेला त्याची तसबीर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायची, तंबूत गोल फिरवायची, आणि एकेक गुण पुकारत छाती पिटायची. तसबीर दिसली की लोकांना हुंदका फुटतो. तसबीर नसेल तर माणूस गेलं, का कुठं गावाला गेलं, हे मनाला पटत नाही.

वोर्कनेशनं हात पुढं केला. “आणा, गाशे. आमच्या अस्कालेला आणा.”

झेलेकेनं दारामागची फळी काढून आणली. वोर्कनेशनं ती घेतली, बघितली आणि पटकन आपल्या पांढऱ्या नेतेलेचा, म्हणजे ओढणीचा, पदर तिच्यावर ओढला. हळू आवाजात बोलणं तिला कधी जमलं नव्हतं, त्या दिवशी जमलं.

“गाशे, बाई सोन्यासारखी होती. तिला मी एका डोळ्यानं लोकांपुढं नाचवू?”

झेलेकेनं फळी परत घेतली. तो चर्चच्या चित्रकाराचा मुलगा. तिला काय म्हणायचंय हे त्याला तिच्याहून जास्त कळत होतं. त्या दिवशी बायकांनी अस्कालेची नेतेला आणि तिचं रिकामं सूप उंच धरलं, आणि सुपाकडं बघून रडल्या. झेलेकेला ते सूप बघवेना.

चाळिसाव्या दिवशी तेझकार, म्हणजे मयताच्या नावानं गल्लीला आणि गरिबांना जेवण. वोर्कनेशनं बजावलं, “तोवर तिला दोन्ही डोळ्यांनिशी करा, गाशे. उभ्या शहराला केलंत, घरच्या बाईला करायला काय झालं?”

तो रोज बसे आणि रोज उठे. समोर कोरा कागद, हातात कोळसा. उजवा गाल माहीत होता. बाळी माहीत होती. पण तोंड समोर वळवलं की कागदावर येई ती बापानं शिकवलेली मरियम: बदामी डोळे, सारखे, शांत, कुणाचेच नसलेले. तो पुसून टाकी. परत काढी, परत मरियम. एवढी वर्षं शेजारी बसलेली, शेजारी झोपलेली बाई. तिचा डावा डोळा कसा होता हे त्याला माहीत होतं, नक्की माहीत होतं, फक्त दिसत नव्हतं.

मग त्यानं विचारत फिरायला सुरुवात केली. पहिला गाठला ताये चांभार. तो फाटकासमोरच बसायचा, रस्त्याच्या पलीकडं. म्हणजे रोज अस्कालेचं तोंड समोरून बघणारा हाच.

“ताये, तिची डावी पापणी जराशी खाली होती का रे?”

ताये विचारात पडला. “उजवी असेल, गाशे. का दोन्ही? नाही... सरळच होत्या बहुतेक.”

“आणि डोळ्याखाली डाग होता ना? भाजताना ठिणगी उडाली होती तो?”

“तो डाग माझ्या बायकोला आहे.”

“अरे, रोज समोर बसत होतास!”

“मी बुटांकडं बघतो, गाशे. मला तिच्या चपलांचे बंद विचारा, आत्ता सांगतो.”

गिऱ्हाइकांचीही तीच तऱ्हा. एका मास्तरीणबाईंना वाटलं डोळे घारे होते, मंजनवाल्याला वाटलं काळेभोर. पिंपावरचा पोलीस आता म्हातारा झाला होता, तो तर लाजूनच म्हणाला, “गाशे, ती कोलो घालायची तेव्हा आम्ही मापाकडं बघायचो. शीग भरली का नाही ते.”

झेलेके घरी आला. दार लावलं. दारामागं ती फुंकर मारत बसलेली. त्यानं तिला हाक मारली, म्हणे. वळेल तर शपथ.

तेझकारला थोडे दिवस उरले तेव्हा अस्कालेची धाकटी बहीण बेलायनेश गावाहून आली. मेंढ्यांच्या लोकरीचं ओझं पाठीवर, धुळीनं माखलेली. गल्लीत शिरली आणि बायका जागच्या जागी थिजल्या. वोर्कनेशच्या हातातली कोळशाची पाटी सुटली. “अगं आई! अस्काले आली!”

झेलेकेनंही बघितलं. तीच कपाळपट्टी, तीच हनुवटी. त्याचा जीव भांड्यात पडला. बघायला कुणीतरी मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन तो फाटकाशी गेला. अस्कालेची तिवई आपल्या शेजारून उचलून समोर ठेवली. तिथं कधीच कुणी ठेवली नव्हती. बेलायनेश बसली, नेतेला डोक्यावरून घेतली. रस्त्यावरची माणसं थांबली. ताये हातातला बूट घेऊन उठून आला.

झेलेकेनं पिशवीतून दारामागची फळी काढली. खिशातून सुरी काढली.

बेलायनेशला कळेना. “गाशे, हिला कशाला? दुसरी फळी घ्या की.”

“एका बाईच्या दोन तसबिरी कशाला घरात?” तो म्हणाला. “आणि ही एकडोळी भिंतीवर ठेवून तिला वर काय तोंड दाखवू? ह्याच लाकडावर ती होती, ह्याच लाकडावर पुरी होऊ दे.”

“पण इतियेचं हे एवढंच...”

“हे अर्धं आहे, बेलायनेश. अर्धं माणूस देवाच्या दारी कसं पाठवू?”

आणि त्यानं खरवडायला घेतलं. आधी बाळी गेली. मग गाल. फुंकर मारणारे ओठ सुरीखाली रंगाची वळकटी होऊन त्याच्या मांडीवर पडले, त्यानं ते झटकले. त्याला जराही वाटलं नाही की काही जातंय. त्याला वाटत होतं, येतंय. तायेनं ती वळकटी चपलेनं गटाराकडं सारली. कातड्याची कातरणं लोटायची सवय, दुसरं काय.

दुपारपर्यंत चित्र झालं. काय चित्र होतं म्हणता! कपाळ, दोन भुवया, दोन डोळे. ओले, जिवंत, समोरच्याला विचारणारे. गर्दीतनं हुंदका फुटला. पोलीस टोपी काढून उभा राहिला. बेलायनेशनं फळी हातात घेतली आणि स्वतःचंच तोंड बघून ढसाढसा रडली, “माझी इतिये! माझी अस्काले!”

तेझकारला वोर्कनेशनं ती तसबीर अशी उंच धरली की तंबूच्या कापडाला लागली. तिनं पुकारलं, “पाण्याला गेली तर घागर हसत भरायची, माझी अस्काले! मुठीनं द्यायची, ओंजळीनं घ्यायची नाही, माझी अस्काले!” पुरुषसुद्धा रडले. पुजारीबाबांनी तसबिरीला हात जोडले. झेलेकेला सगळे मिठी मारून सांगत होते, गाशे, तीच, हुबेहूब तीच. त्या दिवशी तो पोटभर जेवला. किती तरी दिवसांनी. तेल्ला, म्हणजे घरी आंबवलेली जवाची दारू, तीही प्याला, आणि कुणीतरी बिनडोक्याच्या गाढवाची गोष्ट काढली तेव्हा हसलासुद्धा.

बेलायनेश गावी गेली. झेलेके फाटकाशी येऊन बसला. डाव्या हाताला तिवई परत मांडलेली, रिकामी. समोरून कोळशाची गाढवं आली. त्यानं वही उघडली आणि सवयीनं बाजूला न बघताच म्हणाला, “छत्री जरा इकडं घे.”

छत्री आली नाही. त्यानं डोळे मिटले. म्हटलं, ती फुंकर मारत असेल, गाल फुगवून, भुवई चढवून. पण मिटल्या डोळ्यांपुढं आली ती समोर तोंड करून बसलेली, नेतेला डोक्यावरून घेतलेली, लोकरीच्या धुळीचा वास असलेली. बेलायनेश. त्यानं डोळे उघडले, परत मिटले. गारा आठवून बघितल्या. गारांत तीच. मेस्केलच्या आदल्या सकाळी “उद्या मला दाखवा” म्हणणारी, तिथंही तीच. आवाज अस्कालेचा, तोंड बेलायनेशचं. तो घरी धावला. दारामागं दोन डोळ्यांची तसबीर, गल्लीनं वाहिलेल्या फुलांत, त्याच्याकडं बघत होती. दारामागं आणखी काही नव्हतं. फाटकाशी येऊन त्यानं गटारात वाकून बघितलं. गटारात पाणी वाहत होतं.

त्यानंतर झेलेके रोज येतो, बसतो. वही उघडत नाही. पोलिसाच्या जागी नवा पोरगा आलाय, तो बाजूनं उभा राहिला काय आणि पाठ करून राहिला काय, इथं कुणाला पर्वा नाही. माणसं खांबाला थडकत नाहीत. रंगाच्या वाटीत फाटकावरच्या झाडाची पानं पडतात, वाळतात. वोर्कनेश जाता-येता म्हणते, गाशे, दुःखाला पण मुदत असते. तो मान हलवतो.

परवा तायेला राहवलं नाही. बूट खाली ठेवून तो रस्ता ओलांडून आला, उकिडवा बसला आणि म्हणाला, “गाशे, असं किती दिवस बसणार? उभी गल्ली म्हणते ती तीच आहे. तिची बहीण म्हणते, पुजारीबाबा म्हणतात. घरी गेलं की समोर आहे ती तुमच्या, दोन्ही डोळ्यांनी बघतेय. आता आणखी काय हवं तुम्हाला?”

झेलेकेनं रिकाम्या तिवईवरची धूळ हातानं पुसली आणि म्हणाला, “सगळ्यांना ती मिळाली रे, ताये. माझ्याकडं होती ती अर्धीच होती, पण तीच होती. तिला मी माझ्या हातानं खरवडलं, आणि आता डोळे मिटले की मेव्हणी येऊन बसते.”